मुलाचा स्वभाव, मुलाची गरज आणि स्वसंरक्षणाची कला

तालुक्याच्या गावी कराट्याचा वर्ग निघतो, जुन्या तालमीत पुन्हा नवी माती पडते, शाळेच्या संमेलनात लाठीकाठीची प्रात्यक्षिके होतात, आणि मग एखादा पालक शाळेच्या दारात येऊन विचारतो, "गुरुजी, पोराला कुस्तीला घालू की कराट्याला?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर तितके साधे नाही. खेड्यात शिक्षकाचा शब्द अद्यापही मानला जातो. त्याच्या एका वाक्यावर मुलाच्या पुढील दोन-चार वर्षांच्या सायंकाळी कोठे जाणार हे ठरते. निवड जमली तर भित्रे मूल ताठ मानेने चालू लागते. चुकली तर तेच मूल पहिल्या महिन्यात मार खाऊन घरी बसते आणि 'हे आपले काम नव्हे' अशी गाठ मनाशी कायमची बांधते. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. गावची शाळा संपली की पुढच्या शाळेची वाट कित्येकदा दोन-तीन किलोमीटरची असते, आणि त्या वाटेच्या धास्तीने काही घरांत मुलीचे शिक्षणच थांबविले जाते. म्हणून या विषयाचा विचार शिक्षकाने वरवर न करता शांतपणे करणे अगत्याचे आहे.

दोन निराळे हेतू

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. कला शिकणे ही एक गोष्ट आणि प्रसंगी स्वतःचा बचाव करता येणे ही दुसरी. पहिलीला वर्षे लागतात; तिच्यात शरीर घडते, शिस्त लागते, जय-पराजय पचविण्याची सवय होते. दुसरीसाठी थोडी पण नेमकी कौशल्ये पुरतात; मात्र ती भीतीच्या क्षणी आठवली पाहिजेत. आखाड्यात प्रतिस्पर्धी एकच असतो, तो सलामी देऊन उतरतो, पंच असतो, नियम असतात. वाटेवरच्या प्रसंगात यांपैकी काहीच नसते. त्यामुळे 'अमुक कला शिकली की मूल सुरक्षित झाले' असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते शिक्षकाने खरे मानू नये. उलट, 'कलेचा प्रत्यक्षात काहीच उपयोग नाही' हेही खरे नाही. नियमित सरावाने दम वाढतो, तोल सुधारतो, पडण्याची भीती जाते आणि अंगावर कोणी आले असता मूल गोठून उभे राहत नाही. हा लाभ कोणत्याही चांगल्या कलेत मिळतो.

कलांची चार कुळे

निवड करावयाची तर निवडीचे पर्याय ठाऊक हवेत. सोयीसाठी या कलांची चार कुळे मानता येतील.

पहिले कूळ पकडीचे. कुस्ती आणि ज्युदो ही त्याची उदाहरणे. यांत प्रतिस्पर्ध्याला धरावयाचे, त्याचा तोल घालवावयाचा आणि त्याला खाली आणावयाचे असते. कुस्तीला महाराष्ट्रात घरचेच स्थान आहे. ताक, तेल व हळद घालून मऊ केलेली तांबडी माती, जोर-बैठका आणि वस्तादाची नजर एवढ्या भांडवलावर खेड्यातील तालीम चालते. या कुळातील मुलाला दुसऱ्याच्या अंगाचा जोर आणि कल प्रत्यक्ष स्पर्शाने कळू लागतो.

दुसरे कूळ प्रहाराचे. कराटे, तायक्वांदो व मुष्टियुद्ध यांत हाताने किंवा पायाने मारणे, मार चुकविणे आणि अंतर राखणे शिकविले जाते. कराटे ओकिनावा बेटावरचे, तायक्वांदो कोरियाचे. कराट्यात ठरलेल्या हालचालींची मालिका एकट्याने करावयाची असते, तिला 'काता' म्हणतात. त्यामुळे ज्या मुलाला अंगाला अंग भिडविणे आवडत नाही, त्याचीही येथे सुरुवात होऊ शकते.

तिसरे कूळ शस्त्राचे. लाठी, बोथाटी, दांडपट्टा हे मर्दानी खेळ कोल्हापूर परिसरात आजही खेळले जातात. हात, डोळा आणि पाय यांचा मेळ साधण्यास लाठीसारखे साधन नाही. परंतु शस्त्राचा खेळ जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवाचून चालवू नये, आणि वाटेने जाताना मुलाच्या हाती लाठी असणार नाही हेही विसरू नये.

चौथे कूळ अंग घडविणाऱ्या कलांचे. त्यात मल्लखांब अग्रेसर होय. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविद्येचे वर्णन आले आहे. मल्लखांब हा मल्लांच्या सरावाचाच प्रकार. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे जीवन दिले. मल्लखांबात प्रतिस्पर्धीच नसतो; खांब व दोर हेच सोबती. पकड, तोल आणि धैर्य ही तिन्ही त्यात वाढतात. बचावाचे डाव त्यात नाहीत. पण डाव शिकण्यास लागणारे अंग त्यात तयार होते.

दोन शिक्षकांची गोष्ट

जगभर पसरलेल्या दोन कला मुळात शाळामास्तरांच्या हातून घडल्या, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम जाणून घेण्याजोगी आहे.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली जपानात झाला. अंगकाठीने ते लहान होते, आणि विद्यार्थिदशेत दांडग्या मुलांचा जाच त्यांना सोसावा लागला. म्हणून ते जुजुत्सू नावाची जुनी युद्धकला शिकले. पण शिकल्यावर जाच करणाऱ्यांचा सूड घेण्यात ते रमले नाहीत. त्यांनी त्या कलेचाच अभ्यास केला. सरावात इजा होईल असे डाव त्यांनी मुक्त झुंजीतून वगळले, उरलेल्यांना पद्धतशीर क्रम लावला आणि १८८२ साली टोकियोतील एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा सुरू केली. हीच ज्युदोची कोदोकान. शक्तीचा उत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन तत्त्वे त्यांनी तिच्या मुळाशी ठेवली. ज्युदोत आधी शिकवितात ते पडणे. ज्याला न दुखवता पडता येते त्याची भीती निम्मी होते, हा विचार या क्रमाच्या मुळाशी आहे. कानो पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला. ते पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. १९३८ सालीच त्यांचे निधन झाले होते.

गिचिन फुनाकोशी हे ओकिनावाचे. जन्म १८६८. लहानपणी ते प्रकृतीने दुबळे होते. कराट्याने प्रकृती सुधारली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत अध्यापन केले. त्यांचे एक गुरू आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे ओकिनावाच्या शाळांत आणले, आणि मुलांना झेपावेत म्हणून लहान व सोपे काता रचले. फुनाकोशी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिकासाठी गेले आणि तेथेच राहून त्यांनी कराट्याचा प्रसार केला. कराट्यात पहिला वार आपला नसतो, ही त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे.

या दोन्ही चरित्रांतून एकच बोध निघतो. दुबळे शरीर ही कलेतील अपात्रता नाही; परंतु कला मुलाच्या मापाने कापून घ्यावी लागते. इतोसूंनी काता लहान केले, कानोंनी घातक डाव काढले. शिक्षकाचे कामही तेच.

स्वभावाची पारख

मुलाचा स्वभाव वर्गापेक्षा मैदानावर लवकर कळतो. चार प्रकारची मुले प्रत्येक शाळेत आढळतात.

भित्रे मूल. याला धीट करावयाचे म्हणून एकदम झुंजीत ढकलण्याची चूक अनेक ठिकाणी होते. अशा मुलाला प्रथम प्रतिस्पर्धी नसलेली कला द्यावी : मल्लखांब, कराट्याचा काता, किंवा ज्युदोतील केवळ पडण्याचा सराव. स्वतःचे अंग स्वतःच्या ताब्यात आले की ते मूल आपण होऊन दुसऱ्याशी खेळू पाहते. तो दिवस येईपर्यंत घाई करू नये.

तापट मूल. 'आधीच भांडखोर, त्यात कुस्ती शिकविली तर गाव डोक्यावर घेईल,' असे पालक म्हणतात. या शंकेत थोडे तथ्य आहे, पण ते कलेविषयी नसून शिकविणाऱ्याविषयी आहे. जेथे वस्ताद सलामीवाचून कुस्ती लावत नाही, चीत झालेल्याला हात देऊन उठविणे सक्तीचे मानतो आणि बाहेर मारामारी केल्यास माती बंद करतो, तेथे तापट मुलाचा जोर वाटेला लागतो. कुस्ती व ज्युदो यांत समोरच्याला धरूनच खेळावे लागते. हरणेही रोजचेच असते. त्यामुळे रागावून काम बिघडते हे त्याला अनुभवाने पटते. ज्या वर्गात केवळ फरशा फोडण्याचे कौतुक होते, त्या वर्गात अशा मुलाला धाडू नये.

एकलकोंडे मूल. गर्दीत बुजणारे, पण एकच गोष्ट पुनःपुन्हा करण्यात रमणारे मूल काता, मल्लखांब आणि लाठीचे हात यांत चटकन प्रगती करते. त्याला सांघिक प्रात्यक्षिकात एक निश्चित जागा द्यावी, म्हणजे न बोलताही ते समूहाचे होते.

चंचल मूल. याला लांबलचक सूचना सोसत नाहीत. ज्या कलेत थोडे सांगून पुष्कळ करावयास मिळते, ती त्याला मानवते. कुस्तीची तालीम आणि तायक्वांदोच्या लाथांचा सराव येथे उपयोगी पडतो.

शरीराच्या आकारावरून निवड ठरविण्याची रीत जुनी आहे. पण तिला मर्यादा आहेत. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतातील खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पहिलवान म्हणजे पहाडासारखा मनुष्य, ही गावाची समजूत त्या पदकाने खोटी ठरविली. चपळाई आणि डावांची जाण यांच्या बळावर लहान अंगाचा मुलगाही कुस्तीत मोठा होतो.

गरजेची पारख

स्वभावाइतकेच गरजेकडे पाहावे. धोका कोठे आहे, कोणापासून आहे आणि कोणत्या वेळी आहे, हे न विचारता कला निवडणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

शाळेतील दांडग्या मुलांचा जाच हा एक धोका. येथे पकडीची कला उपयुक्त ठरते. कारण समोरच्याला न मारता रोखता येते. निर्जन वाट हा दुसरा धोका. येथे झुंज जिंकणे हे ध्येयच नव्हे. सुटून माणसांत पोहोचणे हे ध्येय. त्यासाठी मोठा आवाज, अंतर राखण्याची सवय, मनगट सोडविण्याची युक्ती आणि धावण्याचा दम पुरे होतो. मनगट धरले असता धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात फिरवून ओढावा. कारण अंगठा आणि बोटे जेथे मिळतात तीच पकडीतील दुबळी जागा असते.

तिसरा धोका सर्वांत अवघड. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुतांश प्रकरणांत अपराधी हा मुलाच्या ओळखीचाच असतो. ज्याला 'काका' किंवा 'दादा' म्हणावयाचे त्याच्यावर हात उगारणे मुलाला सुचत नाही, आणि सुचले तरी साधत नाही. तेथे मुलाला तीन गोष्टी हव्यात : आपल्या अंगावर आपला हक्क आहे ही जाण, 'नको' म्हणण्याची मुभा आणि ऐकून घेणारे एक मोठे माणूस. ते माणूस पुष्कळदा शाळेतील गुरुजी किंवा बाईच असतात. असे काही कानावर आल्यास ते पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ अन्वये बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि आपत्काळी ११२ हे दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळकपणे लिहून ठेवावेत.

या विचारास अभ्यासाचाही आधार आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका गटास बारा तासांचे शिक्षण देण्यात आले. दुसऱ्यास माहितीपत्रके देण्यात आली. वर्षभरात बलात्कारास बळी पडलेल्यांचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात शेकडा ९.८, तर शिक्षण घेतलेल्या गटात शेकडा ५.२ आढळले. त्या बारा तासांत हातापायांचे डाव थोडेच होते. धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसाविषयीही तो मान्य करणे आणि संकोच सोडून प्रतिकार करणे यांवर मोठा भर होता. त्या विद्यार्थिनी वयाने मोठ्या आणि त्यांचा समाज निराळा. म्हणून ते आकडे आपल्या शाळांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु मनाची तयारी ही हाताच्या तयारीइतकीच महत्त्वाची, हे तत्त्व येथेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक पथ्य. आपल्यावर प्रसंग ओढवला असता मुलीने प्रतिकार केला नाही, म्हणून तिला कोणी दोष देऊ नये. भीतीने अंग गोठणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. दोष अपराध्याचा असतो, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे.

कायद्याची मर्यादा

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क सांगितला आहे. त्याची मर्यादा मुलांना सोप्या भाषेत सांगता येते : बचावास लागेल तेवढाच बळाचा वापर, त्याहून अधिक नाही, आणि धोका टळल्यावर मारणे हा बचाव नव्हे, तो सूड होय.

वर्ग आणि वस्ताद यांची पारख

कला कोणतीही असो, शिकविणारा वाईट असेल तर ती वाईटच ठरते. पालकास सल्ला देण्यापूर्वी शिक्षकाने शक्य तर एकदा तो वर्ग स्वतः पाहून यावा. पुढील गोष्टी तपासाव्यात. जमीन मऊ आहे काय? पडणे आधी शिकवितात काय? लहान-मोठ्यांच्या जोड्या वजन पाहून लावतात काय? पालकांना केव्हाही येऊन पाहता येते काय? मुलींसाठी स्त्री-शिक्षिका किंवा निदान दुसरी जबाबदार स्त्री हजर असते काय? दुखापत झाल्यास काय करतात? यांपैकी एकाचे जरी उत्तर समाधानकारक नसले तरी थांबावे.

डोक्यावर आघात होणाऱ्या झुंजी लहान मुलांना देऊ नयेत. अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०११ साली संयुक्तपणे मुलांच्या मुष्टियुद्धास विरोध नोंदविला आहे, तो याच कारणाने. पट्ट्यांच्या रंगांनीही भुलून जाऊ नये. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचा जपानी नावातील अर्थ 'आरंभीची पायरी' असाच आहे. दर दोन महिन्यांनी नवा पट्टा आणि नवे शुल्क असा क्रम दिसला, तर तेथे शिक्षणापेक्षा व्यवहार अधिक आहे असे समजावे.

शाळेत करण्याजोगा चार आठवड्यांचा पाठ

वस्ताद नाही, वर्ग नाही, अशा गावातही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासिकांत पुढील क्रम घेता येईल.

पहिला आठवडा : भुसभुशीत मातीवर किंवा सतरंजीवर बसल्या जागेवरून मागे व बाजूला लोळत पडणे, हनुवटी छातीशी ठेवणे, चटकन उठणे.

दुसरा आठवडा : पोटातून मोठा आवाज काढणे, दोन्ही तळवे पुढे करून 'थांब, जवळ येऊ नको' असे स्पष्ट म्हणणे. लाजऱ्या मुलींना हाच पाठ सर्वांत कठीण जातो. म्हणून सर्वांनी मिळून आरंभ करावा.

तिसरा आठवडा : मनगट सोडविणे, दप्तर सोडून पळणे, जवळच्या घरापर्यंत धावणे. वस्तूपेक्षा जीव मोलाचा, हे येथे बिंबवावे.

चौथा आठवडा : घर ते शाळा या वाटेचा नकाशा प्रत्येक मुलाने काढावा. ओळखीची घरे, दुकाने, वस्ती हिरव्या रंगाने. निर्जन टप्पा, पडका वाडा, दिवा नसलेले वळण तांबड्या रंगाने दाखवावे. हे नकाशे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत. एका वळणावर दिवा लागला, चार मुली एकत्र निघू लागल्या, तरी तो मोठाच लाभ होय. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी स्वसंरक्षण-प्रशिक्षणाची तरतूद आहे. उच्च प्राथमिक वर्ग असलेल्या शाळांनी तिच्याविषयी गटशिक्षण कार्यालयात चौकशी करावी.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील एका भित्र्या व एका तापट विद्यार्थ्याचा विचार करून प्रत्येकास कोणती कला सुचवाल? का?

२. आपल्या गावातील तालीम किंवा वर्ग वरील कसोट्यांस कितपत उतरतो?

३. मुलींच्या वाटेवरील तांबड्या टप्प्यांपैकी कोणता टप्पा ग्रामपंचायतीच्या साहाय्याने या वर्षी हिरवा करता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर पहिल्या दोहोंचे मोल वाढेल. मुलाला बळकट करणे हे शाळेचे काम आहेच. परंतु ज्या वाटेने ते मूल चालते ती वाट निर्भय करणे हे गावाचे काम आहे, आणि गावाला त्याची आठवण करून देणे हे पुन्हा शिक्षकाकडेच येते.